सांगड की दावण? कामगारांचं प्रशिक्षण आणि कंपनीचं धोरण

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष आहे. कंपनी आपल्या माणसांना जे प्रशिक्षण देते, त्याची कंपनीच्या धोरणाशी सांगड कशी असावी, असा तो विषय. समोर मनुष्यबळ विभागातली माणसं आहेत, एक-दोन कारखानदार आहेत, मागच्या रांगेत निवृत्त कामगारही दिसतायत. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकू की प्रशिक्षण कसं द्यावं याची कृती आज मिळणार नाही. आपण एक जुना, गाजलेला लेख घेऊन बसणार आहोत. तो बारकाईने वाचायचा, त्यातलं चांगलं काय ते मान्य करायचं आणि त्यात काय सुटलंय ते बघायचं, एवढाच आजचा बेत.

आधी शब्दाकडे बघू. 'सांगड' हा पाण्यातला शब्द आहे. नदी ओलांडायला दोन होड्या किंवा दोन ओंडके शेजारी-शेजारी बांधायचे, ती सांगड. यात गंमत अशी की सांगडीत कोणी कोणाला ओढत नाही. एक कलंडायला लागला की दुसरा सावरतो. आता कंपन्यांमध्ये 'प्रशिक्षणाची धोरणाशी सांगड' म्हणतात तेव्हा काय अभिप्रेत असतं? धोरण वर ठरलं, प्रशिक्षणाने त्याच्या मागून मुकाट चालायचं. ही सांगड नव्हे, ही दावण झाली. आज आम्हाला जे म्हणायचं आहे ते या दोन शब्दांतल्या फरकात आहे.

पण दावणीची बाजूही नीट समजून घेऊ, कारण ती मूर्खपणाची नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याची एक ठरलेली शिडी असते. वर कंपनीचं उद्दिष्ट, समजा तीन वर्षांत निर्यात दुप्पट करायची. त्याखाली, त्यासाठी लागणारी कौशल्यं. त्याखाली, आज माणसांकडे असलेली कौशल्यं. दोहोंतली तूट मोजायची, ती भरून काढणारे वर्ग घ्यायचे, आणि शेवटी पैसे वसूल झाले का ते तपासायचं. तपासायच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली चार सांगितल्या: वर्ग आवडला का, काही शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. साठ वर्षं उलटून गेली, तरी प्रशिक्षणाचं मोजमाप म्हटलं की याच चार पायऱ्या निघतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच थांबते, ही गोष्ट वेगळी. जेवण बरं होतं, वक्ता बरा होता, अभिप्रायाच्या कागदावर पाचपैकी चार, संपलं.

अशा ठिकाणी कोणी येऊन विचारलं, की बाबांनो, या वर्गांचा कंपनीच्या कामाशी संबंध काय, तर तो प्रश्न योग्यच आहे. वेळ समजून घेण्याचं तंत्र, आनंदी राहण्याचं तंत्र, डोंगरावर नेऊन दोर ओढायला लावणं, यावर खर्च होतो आणि मशीनवर नवा आलेला पोरगा मात्र शेजाऱ्याकडे बघून-बघून शिकतो. त्यामुळे 'सांगड घाला' म्हणणाऱ्यांचा राग आम्हाला पटतो. त्यांचा उपाय मात्र तपासून घ्यायला हवा.

आता लेखाकडे येऊ. १९९० सालच्या जुलै-ऑगस्टच्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये विल्यम विगेनहॉर्न यांचा मोटोरोला युनिव्हर्सिटीवरचा लेख आला. विगेनहॉर्न हे त्या 'विद्यापीठा'चे प्रमुख. विद्यापीठ म्हणजे पदव्या देणारं नव्हे, कंपनीचंच प्रशिक्षण केंद्र. सांगडीच्या चर्चेत हा लेख आदर्श म्हणून धरला जातो, आणि लिहिलेलाही प्रामाणिकपणे आहे. म्हणूनच आम्ही तो निवडला. लेचापेचा लेख घेऊन त्याला झोडपण्यात काय पुरुषार्थ?

पार्श्वभूमी अशी. मोटोरोला ही शिकागोजवळची कंपनी, रेडिओ, टीव्ही, चिप्स, पुढे मोबाइल फोन बनवणारी. १९७४ साली त्यांनी आपला टीव्हीचा धंदा जपानच्या मात्सुशिताला विकला. जपानी माल स्वस्त होताच, पण चांगलाही होता, हे खरं दुखणं होतं. प्रमुख बॉब गॅल्विन यांनी ठरवलं की आता गुणवत्ता हेच धोरण, आणि त्यासाठी पाच वर्षांची प्रशिक्षण योजना करा. त्याआधी सत्तरच्या दशकात त्यांनी चारशे वरिष्ठांना चार आठवडे वर्गात बसवून पाहिलं होतं. माणसं पुष्कळ शिकली, कंपनीत फरक पडला नाही. विगेनहॉर्न हे अपयश लपवत नाहीत. पुढे १९८७ साली सिक्स सिग्माचं उद्दिष्ट आलं, दहा लाख संधींमागे ३.४ चुका. १९८८ साली अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो घेणाऱ्यांत मोटोरोला होती. म्हणजे धोरण ठरलं, प्रशिक्षण त्याला जुळवलं, फळ मिळालं. शिडी बरोबर निघाली. असं वरवर वाचलं तर दिसतं.

पण लेखातला मजकूर लेखाच्या निष्कर्षापेक्षा मोठा आहे, असं आम्हाला वाटतं. त्यातल्या चार जागा बघू.

पहिली जागा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कंपनी सेल्युलर फोन बनवायला निघाली. आर्लिंग्टन हाइट्सच्या कारखान्यातल्या कामगारांची चाचणी घेतली. प्रश्न कसले, तर दहा म्हणजे शंभराचे किती टक्के, अशा पातळीचेही त्यात होते. उत्तीर्ण झाले फक्त ४० टक्के. हे लोक निकामी नव्हते बरं का, वर्षानुवर्षं कामावर होते. पूर्वीच्या कामात मशीन बंद पडलं की हात वर करायचा, दुरुस्ती करणारा येणार. वाचायची, हिशेब करायची वेळच आली नव्हती. बऱ्याच जणांची मातृभाषाही इंग्रजी नव्हती. व्यवस्थापनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुणवत्तेचा आलेख शिकवायला निघालेल्या कंपनीला कळलं की आधी टक्केवारी शिकवायला हवी. मग स्थानिक सामुदायिक महाविद्यालयांची मदत घेऊन वाचन-गणितापासून सुरुवात झाली.

आता सांगा, इथे कोण कोणाशी जुळलं? धोरण कागदावर होतं, आणि ते कुठल्या जमिनीवर उभं आहे हे वर्गाने दाखवून दिलं. बातमी खालून वर गेली. ती ऐकली गेली म्हणून पुढचं सगळं झालं. विगेनहॉर्न हा प्रसंग 'अडथळा आणि त्यावर मात' म्हणून सांगतात. आमच्या मते लेखातला खरा शोध हाच आहे, आणि शिडीच्या चित्रात त्याला जागाच नाही. शिडीवरून वरचा हुकूम खाली येतो. खालचं ज्ञान वर न्यायला पायरी नाही.

दुसरी जागा पैशांची. हा आकडा आजही प्रशिक्षणवाले तोंडपाठ सांगतात: एका डॉलरला ३३ डॉलर परतावा. पण वाक्य अर्धंच सांगतात. लेखात तीन प्रकारचे कारखाने आहेत. जिथे कामगारांनी पूर्ण अभ्यासक्रम घेतला आणि वरिष्ठांनी शिकलेलं कामात लावून धरलं, तिथे ३३ डॉलर. जिथे त्यातला एकच भाग शिकवला पण पुढे लावून धरला, तिथे खर्च जेमतेम निघाला. आणि जिथे शिकवून सोडून दिलं, तिथे चक्क तोटा. म्हणजे शिकवलेल्याचं सोनं की माती, हे वर्गाबाहेर ठरलं, साहेबाच्या वागण्यावर ठरलं. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, प्रशिक्षणाच्या प्रमुखानेच सांगितलेला आहे, तेव्हा ३३ या संख्येवर आम्ही फार भार टाकणार नाही. मात्र आपल्याच खात्याच्या प्रमुखाने तोट्याची कबुली द्यावी, ती आम्हाला जास्त विश्वासार्ह वाटते.

हे आपल्याकडे रोज दिसतं. पोरगा शिकून येतो, सांगतो की हे फिक्श्चर असं बसवलं तर रिजेक्शन कमी होईल. सुपरवायझर म्हणतो, तुझं शिक्षण ठेव बाजूला, आज दोनशे नग द्यायचेत. झालं. दुसऱ्या दिवसापासून पोरगा तोंड उघडत नाही. महिनाअखेरीला अहवाल जातो की प्रशिक्षणाचा परिणाम दिसला नाही.

तिसरी जागा टोचणारी आहे. लेखात नव्या कामगाराकडून तीन अपेक्षा सांगितल्या आहेत. सातवीच्या पातळीचं वाचन-गणित, एकट्याने आणि गटात प्रश्न सोडवता येणं, आणि कामाची कंपनीने केलेली व्याख्या मान्य असणं. ती व्याख्या अशी की ग्राहकाला निर्दोष माल पोचेपर्यंत लागेल तो वेळ म्हणजे कामाचा आठवडा, मग तो ५० तासांचा होवो नाहीतर ६० तासांचा. लेखाच्या उपशीर्षकातच प्रशिक्षणाचं 'शिक्षण' होतं असा दावा आहे. पहिल्या दोन अपेक्षा शिक्षणाच्या आहेत, हे मान्य. तिसरी कुठल्या अर्थाने शिक्षण? ती रोजगाराची अट आहे. आणि तिन्ही एका दमात सांगितल्या की अटही शहाणपणासारखी दिसायला लागते. ज्याला विचार करायला शिकवलं तो माणूस उद्या तासांबद्दलही विचार करेल, ही शक्यता लेखकाने मनात आणलेली दिसत नाही.

चौथी जागा लेखात नाही, लेखानंतर आहे. मोटोरोलाने जगभर उपग्रहाच्या फोनचं जाळं विणायचं ठरवलं, इरिडियम. ६६ उपग्रह वर गेले, तांत्रिकदृष्ट्या कौतुक करावं असं काम झालं. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली, ऑगस्ट १९९९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. फोन जड, महाग, आणि तोवर साधे मोबाइल जागोजागी पोचले होते. त्याच १९९८ साली मोबाइल फोनमधलं जगातलं पहिलं स्थान नोकियाकडे गेलं, कारण मोटोरोला जुन्या अ‍ॅनालॉग फोनमधून डिजिटलकडे वळायला रेंगाळली. २०११ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले.

यावरून 'बघा, प्रशिक्षण वाया गेलं' असं म्हणणं अन्यायाचं होईल. मालात खोट नव्हती. माणसांनी जे करायला सांगितलं ते उत्तम केलं. पण धोरणाशी घट्ट जुळवलेलं प्रशिक्षण धोरण चुकलं की त्या चुकीशीही तितकंच घट्ट जुळतं. जे निवडलं ते बिनचूक कसं करायचं, हे शिकवता येतं. जे निवडलं ते चुकतंय, हे सांगायची वाट मात्र वेगळी बांधावी लागते. कामगाराला टक्केवारी येत नाही ही बातमी वर पोचली होती. गिऱ्हाईक आता डिजिटल फोन मागतंय, ही बातमी त्याच तडफेने वर पोचून निर्णय बदलली असती तर? आम्ही भविष्य वर्तवत नाही. पण १९९०चा लेख आज वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

आता एक उदाहरण आपल्या दारातलं घेऊ, कारण त्यात सांगडीचा दुसरा पैलू दिसतो, काळाचा. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९५४ साली त्यांचा जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार झाला होता, तो १९६९ साली संपला. त्यानंतर गाड्यांवरचा तारा गेला आणि टाटांचा 'टी' आला. कंपनीची धुरा सुमंत मूळगावकर यांच्याकडे होती. पुण्याचा कारखाना सुरू झाला १९६६ साली, म्हणजे करार संपायच्या तीन वर्षं आधी. आणि पुण्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ साली. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? सुरुवात झाली ती साचे, डाय, जिग, फिक्श्चर, यंत्रहत्यारं बनवणाऱ्या विभागापासून. ट्रक बनवण्याआधी ट्रक बनवायची हत्यारं बनवता आली पाहिजेत, आणि त्याच्याही आधी ती हत्यारं बनवणारे हात तयार झाले पाहिजेत, असा हा उलटा क्रम.

डाय बनवणारा कारागीर काही पंधरवड्याच्या वर्गातून निघत नाही. आयटीआयचा नुसता पायाच दोन वर्षांचा आहे, आणि तिथून बाहेर पडलेल्याच्या हातात कंपनी लगेच महागडा डाय देत नाही. मग तीन वर्षांच्या योजनेला दहा वर्षांचा कारागीर कसा जुळवणार? मूळगावकरांनी तो जुळवला नाही. त्यांनी धोरणच कारागिराच्या काळाने आखलं. तिथे 'प्रशिक्षण धोरणाशी जुळतंय का' हा प्रश्न विचारायला जागा नव्हती, कारण माणसं घडवणं हाच धोरणाचा मोठा भाग होता. तिथे शिकलेले कितीतरी जण पुढे भोसरी-चिंचवडला स्वतःचे वर्कशॉप टाकून बसले. कंपनीच्या हिशेबात ही गळती, शहराच्या हिशेबात ही ठेव.

पण याचंही देऊळ बांधायला नको. त्याच कारखान्यात पुढे तीव्र कामगार संघर्ष झाला, १९८९ साली शनिवारवाड्यावर कामगार उपोषणाला बसले होते, हे पुण्यात अजून विसरलेले नाहीत. हात घडवले म्हणून माणसाचं म्हणणं ऐकलं असं होत नाही. मोटोरोलाच्या तिसऱ्या जागेपाशी आपण जे थांबलो होतो, तेच हे.

आता आजच्या दिवसावर येतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा. त्यात स्पष्ट आहे की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, तो शिकणारा आहे. सुरक्षा आणि आरोग्य यांसारख्या काही तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. शिकून झाल्यावर नोकरी द्यायची की नाही, हे मालकाच्या धोरणावर. २०१६पासून केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, सरकार उचलू लागलं. हेतू चांगला आहे. शिकता-शिकता चार पैसे मिळावेत, कारखान्याला तयार माणूस मिळावा.

पण चाकण, रांजणगावच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा. गळ्यात 'ट्रेनी' लिहिलेली पट्टी, पहिल्या आठवड्यापासून लाइनवर उभा, तिन्ही पाळ्या, आणि मुदत संपली की दुसऱ्या कंपनीत पुन्हा 'ट्रेनी', अशी पोरं भेटतात. सगळीकडे असंच आहे असं आमचं म्हणणं नाही. नीट शिकवणारे कारखाने आम्ही पाहिले आहेत. पण जिथे असं चालतं, तिथे प्रशिक्षण आणि धोरण यांची सांगड नाही असं म्हणता येईल का? उलट, तिथे ती अगदी घट्ट आहे. धोरण आहे पगाराचा खर्च कमी ठेवायचा, कायम माणूस वाढवायचा नाही, आणि 'प्रशिक्षण' त्या धोरणाला शंभर टक्के जुळलेलं आहे. कर्कपॅट्रिकच्या चौथ्या पायरीवर मोजा, कंपनीला फायदा झालेला दिसेल. फक्त पोरगा काही शिकलेला नसेल.

म्हणून आमचा आक्षेप असा आहे. 'प्रशिक्षण धोरणाला जुळतंय का' ही कसोटी एकटी पुरत नाही, कारण वाईट धोरणही तिच्यात पहिल्या वर्गात पास होतं. तिच्या शेजारी दुसरी कसोटी बांधायला हवी: कंपनीचं धोरण उद्या बदललं, तर शिकलेल्या माणसाच्या हातात काय उरतं? मोटोरोलाच्या कामगाराच्या हातात निदान वाचन आणि गणित उरलं. टेल्कोच्या कारागिराच्या हातात डाय बनवण्याची कला उरली. टपरीवरच्या पोराच्या हातात एक प्रमाणपत्र उरतं आणि वय दोन वर्षांनी वाढतं.

एक चिठ्ठी आलीय, ती घेऊन थांबतो. लिहिलंय: 'आमचं चाळीस माणसांचं वर्कशॉप आहे. मोठ्या कंपनीचं धोरण बदललं की आमचं आपोआप बदलतं. शिकवलेला माणूस शेजारचा पळवतो. आम्ही काय करायचं?'

प्रश्न खरा आहे, आणि या लेखात त्याचं उत्तर नाही, कारण लेख बलाढ्य कंपनीचा आहे. माणूस जाईल ही भीती रास्त आहे. पण न शिकवलेला माणूस राहिला तर काय, हाही खर्चच आहे. तो रिजेक्शनच्या पेटीत रोज मोजता येतो. चाळीस माणसांत तुम्हाला विद्यापीठ नको. शिकून आलेल्या माणसाला आठवडाभराने विचारा, की काय नवं करून बघितलंस, आणि करू दिलं नाही तर कोणी नाही करू दिलं. उत्तर देणाऱ्यावर राग काढू नका. आणि पुढच्या वर्षीचं काम ठरवताना सगळ्यात जुन्या टर्नरला आणि सगळ्यात नव्या पोराला दहा मिनिटं बसवून ऐका. एवढ्याने धोरण बदलेलच असं नाही. पण वर जायची पायरी तयार होईल, आणि ती असली की शिकलेला माणूस टिकायची शक्यता वाढते, असा आमचा अनुभव आहे.

विगेनहॉर्न यांचा लेख जरूर वाचा. ३३ डॉलरसाठी वाचू नका, दहा म्हणजे शंभराचे किती टक्के या प्रश्नासाठी वाचा. एका बलाढ्य कंपनीला आपली माणसं कोण आहेत हे वर्गात कळलं. आपल्या कंपनीत असा प्रश्न शेवटचा कधी विचारला गेला, आणि त्याचं उत्तर कुठल्या मजल्यापर्यंत पोचलं, हे उद्या कामावर गेल्यावर शोधा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.